कागद-पेन्सिलीचा रेसर : मार्क डॉनोह्यू

मित्रांनो, आपल्या होस्टेलमध्ये संगणकावर रेसिंग सिम्युलेटर खेळणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. पहिली जात गाडी निवडते, ट्रॅक निवडते आणि सरळ ॲक्सिलरेटर दाबते. दुसरी जात शर्यतीच्या आधी अर्धा तास सेटअपच्या पानावर बसून असते. टायरमधली हवा, कॅम्बर, टो, स्प्रिंग, डँपर, अँटी-रोल बार, विंगचा कोन, गिअर रेशो, ब्रेकचा पुढचा-मागचा वाटा... हजार भानगडी! या दोन जातींचं भांडण रात्रीच्या मेसपर्यंत पोहोचतं. पहिल्या जातीचं म्हणणं असं की सेटअप करून जिंकलास म्हणजे गाडी जिंकली, तू कुठं जिंकलास? दुसऱ्या जातीचं म्हणणं, मग मेकॅनिकलला ॲडमिशन कायले घेतली बाप्पा!

मी दुसऱ्या जातीचा. त्यामुळे माझा पक्ष आधीच सांगून टाकतो. पण हे भांडण आपल्या होस्टेलपुरतं नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी खऱ्या ट्रॅकवर, खऱ्या गाड्यांच्या बाबतीत हेच भांडण झालं होतं आणि त्याच्या मध्यभागी एक मेकॅनिकल इंजिनीअर उभा होता. त्याचं नाव मार्क डॉनोह्यू. सेना आणि शूमाकर आपल्या सगळ्यांना माहीत असतात. डॉनोह्यूचं नाव अमेरिकेतल्या रेसिंगवाल्यांच्या तोंडी असलं, तरी आपल्याकडे कमी ऐकू येतं. आज आपण सेटअपच्या पानावर जे काही करतो, ते पद्धतशीर करून दाखवणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्याची गणना होते. म्हणून या वर्षीच्या अंकासाठी त्याचीच गोष्ट लिहायची ठरवली.

इंजिनीअरिंगचा विद्यार्थी

मार्क डॉनोह्यूचा जन्म १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात झाला. वडील पेटंटचे वकील. घर सुखवस्तू, शिक्षणाला मान देणारं. पोराला मात्र गाड्यांचं वेड. पुढे त्यानं ऱ्होड आयलंड राज्यातल्या ब्राऊन विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला आणि १९५९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. कॉलेजात असतानाच त्याच्याकडे १९५७ सालची शेव्हर्ले कॉर्व्हेट होती. ती घेऊन तो न्यू हॅम्पशायरमधल्या एका घाटरस्त्याच्या शर्यतीत उतरला आणि पहिल्याच स्पर्धेत जिंकला.

इथं एखाद्याचं डोकं हवेत गेलं असतं. पण तेव्हा शर्यतीवर पोट भरेल अशी परिस्थिती नव्हती. त्यामुळे तो नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी शर्यती. १९६१ मध्ये त्यानं एल्व्हा कुरिअर नावाच्या लहानशा ब्रिटिश गाडीतून हौशी ड्रायव्हरांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. लहान गाडी, कमी ताकद. अशा गाडीत जिंकायचं तर वळणावर वेग टिकवावा लागतो आणि वळणावर वेग टिकवायचा तर गाडी समजावी लागते. ही शिकवणी त्याला आयुष्यभर पुरली.

त्याच सुमारास वॉल्ट हॅन्सगन नावाच्या अनुभवी रेसरची नजर या पोरावर पडली. हॅन्सगन वयानं बराच मोठा, नावाजलेला. त्यानं डॉनोह्यूला हाताशी धरलं, लांब पल्ल्याच्या शर्यतींत आपला जोडीदार म्हणून नेलं. १९६६ मध्ये सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत दोघांनी फोर्डच्या गाडीतून दुसरा क्रमांक मिळवला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, एप्रिल १९६६ मध्ये, फ्रान्समधल्या ल मान्सच्या चाचणीत हॅन्सगनला अपघात झाला. त्यातच तो गेला.

गुरू गेला त्या दुःखाच्या प्रसंगीच डॉनोह्यूला पुढची वाट सापडली. हॅन्सगनच्या अंत्यविधीला रॉजर पेन्स्की आला होता. पेन्स्कीही १९३७ चाच, पदवीही १९५९ चीच. स्वतः चांगला रेसर, पण शर्यत सोडून धंद्यात उतरलेला आणि आता स्वतःची टीम उभी करायच्या विचारात. त्यानं डॉनोह्यूला आपल्याकडे ये म्हटलं. तिथून सुरू झालेली ही जोडी पुढची नऊ वर्षं टिकली. योगायोग बघा, आपल्याकडे पुण्यात वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्थासुद्धा १९६६ मध्येच स्थापन झाली.

गोल गोल फिरण्याचं शास्त्र

पेन्स्कीच्या टीममध्ये डॉनोह्यू नुसता ड्रायव्हर नव्हता. गाडीची बांधणी, चाचणी, नोंदी, सगळ्यांत त्याचा हात. त्या काळी सेटअपची रीत साधारण अशी होती : ड्रायव्हर दोन चक्कर मारून येणार, गाडी मागून सुटते म्हणून सांगणार, मेकॅनिक आपल्या अनुभवानं काहीतरी घट्ट करणार, काहीतरी सैल करणार, आणि सगळे देवावर भरवसा ठेवणार. डॉनोह्यूला हे पटेना. तो इंजिनीअर. त्याला आकडा पाहिजे.

हा आकडा त्याला स्किडपॅडवर मिळाला. स्किडपॅड म्हणजे एक मोकळं, सपाट, डांबरी मैदान. त्यावर एक मोठं वर्तुळ आखायचं आणि गाडी त्या वर्तुळावर गोल गोल फिरवायची, टायर सुटेपर्यंत वेग वाढवत न्यायचा. बघणाऱ्याला वाटेल, बैल घाण्याला जुंपला की काय! पण यात फार मोठी सोय आहे. ट्रॅकवर चढ-उतार असतात, ब्रेक असतात, गिअर असतात, ड्रायव्हरचा मूड असतो. वर्तुळावर यांतलं काहीच नाही. उरतं फक्त टायर आणि सस्पेन्शन. म्हणजे प्रयोगशाळाच झाली.

आपण गणित करून बघू. एफ.वाय.ला शिकलेलं सूत्र : वर्तुळावरचं त्वरण म्हणजे साधारण ३९.५ गुणिले त्रिज्या, भागिले एका फेरीच्या वेळेचा वर्ग. समजा त्रिज्या ३० मीटर आणि फेरीला ११ सेकंद लागले. ३९.५ गुणिले ३० म्हणजे ११८५, भागिले १२१, उत्तर आलं ९.७९. म्हणजे जवळपास बरोबर १ जी. गाडीचा वेग तेव्हा ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास. आता पुढचा अँटी-रोल बार थोडा सैल केला आणि फेरी १०.९ सेकंदांत झाली, तर त्वरण झालं ९.९७. घड्याळात फक्त एक दशांश सेकंदाचा फरक, पण पकड जवळपास २ टक्क्यांनी वाढली. एक स्टॉपवॉच, एक दोरी आणि एक वही, एवढ्या सामानात हे कळतं.

दुसरी गोष्ट कळते ती गाडीच्या तोलाची. वर्तुळावर वेग वाढवत नेताना स्टिअरिंग आणखी आणखी आत वळवावं लागत असेल, तर पुढची चाकं आधी दमतात. म्हणजे अंडरस्टिअर. उलट स्टिअरिंग सरळ करत न्यावं लागत असेल, तर मागची चाकं आधी दमतात. म्हणजे ओव्हरस्टिअर. आता असं का होतं? वळणावर वजन बाहेरच्या चाकांवर जातं. टायरवर वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे ज्या ॲक्सलवर वजनाची ही आत-बाहेर वाटणी जास्त विषम, त्या ॲक्सलची एकूण पकड कमी. पुढचा बार ताठ केला की पुढच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार पडतो, पुढची पकड घटते, गाडी वळायला नाही म्हणते. सिम्युलेटरमधला तो अँटी-रोल बारचा आकडा वर-खाली केल्यावर आत काय घडतं, ते एवढंच आहे.

डॉनोह्यूच्या कामातून शिकण्यासारखा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मोजायची, लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कधीच कळत नाही. हे ऐकायला शाळेतल्या प्रयोगवहीसारखं वाटतं. पण शर्यत चार दिवसांवर असताना, मालक डोक्यावर उभा असताना, आणि मेकॅनिक रात्रभर जागलेले असताना हे पाळायला लोखंडाचं काळीज लागतं.

नियमांच्या काठावर

१९६७ आणि १९६८, सलग दोन वर्षं डॉनोह्यूनं, आधी लोला आणि मग मॅकलॅरन गाडीतून, अमेरिकेतली रोड रेसिंगची मोठी स्पर्धा जिंकली. त्याच काळात ट्रान्स-ॲम नावाच्या, दिसायला रस्त्यावरच्या गाड्यांसारख्याच गाड्यांच्या मालिकेत पेन्स्कीची निळी-पिवळी कॅमारो धावत होती. १९६८ च्या मोसमात १३ पैकी १० शर्यती डॉनोह्यूनं जिंकल्या.

या यशात काही करामतीही होत्या. गाडीचा पत्रा ॲसिडमध्ये बुडवून पातळ करायचा, म्हणजे वजन कमी. पेट्रोल भरायचं पिंप उंच मनोऱ्यावर ठेवायचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणानं पेट्रोल झपाट्यानं उतरणार. हायड्रॉलिक्सच्या सरांनी शिकवलेलं आठवा, बाहेर पडणाऱ्या द्रवाचा वेग उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. पुढे आयोजकांनी मनोऱ्याच्या उंचीला लगाम घातला. डॉनोह्यूनं नंतर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव द अनफेअर ॲडव्हान्टेज, म्हणजे अन्याय्य वाटावी अशी आघाडी. त्यात अशा हकिकती त्यानं मोकळेपणानं सांगून टाकल्या आहेत. आता पत्रा ॲसिडमध्ये बुडवणं बरोबर की चूक, यावर वाद घाला. मला स्वतःला मनोरा पटतो आणि ॲसिड पटत नाही. मनोरा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता. ज्याला पाहिजे त्यानं बांधावा. ॲसिडचं काम मात्र बंद दाराआड चाललं होतं.

इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत ही अमेरिकेतली सगळ्यांत मानाची. १९६९ मध्ये डॉनोह्यू तिथं पहिल्यांदा उतरला आणि त्या वर्षीचा उत्कृष्ट नवोदित ठरला. १९७० मध्ये दुसरा आला. १९७१ मध्ये आघाडीवर असताना गिअरबॉक्स गेला. गाडी मैदानात कडेला उभी करून ठेवली, तर पुढे दुसऱ्यांच्याच अपघातात तिचाही चुराडा झाला. नशीब म्हणतात ते हेच! पण पठ्ठ्या थांबला नाही. त्याच उन्हाळ्यात पोकोनोची ५०० मैलांची शर्यत जिंकला. आणि १९७२ मध्ये मॅकलॅरनच्या गाडीतून इंडियानापोलिस जिंकलं. सरासरी वेग ताशी १६२.९६२ मैल, म्हणजे सुमारे २६२ किलोमीटर. या सरासरीचा विक्रम १९८४ पर्यंत टिकला. गंमत म्हणजे त्या दिवशी बराच वेळ आघाडीवर होता तो पेन्स्कीचाच दुसरा ड्रायव्हर. त्याची गाडी शेवटाजवळ बंद पडली. डॉनोह्यू फक्त शेवटच्या १३ फेऱ्या पुढे होता. पण शर्यत शेवटच्या फेरीलाच मोजतात ना!

हजार हॉर्सपॉवरचा हट्टी घोडा

यानंतरचा भाग माझा सगळ्यांत आवडता. जर्मनीच्या पोर्शे कंपनीला अमेरिकेतल्या कॅन-ॲम मालिकेत उतरायचं होतं. त्या मालिकेत इंजिनच्या आकाराला मर्यादाच नव्हती. पोर्शेनं आपल्या ९१७ गाडीच्या १२ सिलिंडरच्या इंजिनाला टर्बोचार्जर जोडले. आणि ही गाडी माणसाळवायचं काम पेन्स्कीच्या टीमकडे, म्हणजे डॉनोह्यूकडे आलं. तो जर्मनीत वाइसाखच्या चाचणी केंद्रात जाऊन राहिला आणि हेल्मुट फ्लेगल या इंजिनीअरच्या जोडीनं कामाला लागला.

ताकद भरपूर होती, पण ती वेळेवर येत नव्हती. टर्बोची रीत अशी : इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरानं टर्बाइन फिरते, टर्बाइन हवा दाबून इंजिनात कोंबते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आधी धूर वाढायला पाहिजे, मग टर्बाइनला वेग यायला पाहिजे, मग हवा. तोपर्यंत वळण अर्धं संपलेलं असतं. आणि मग एकदम सगळी ताकद मागच्या चाकांवर आदळते. घरातल्या बल्बच्या बटणासारखं, बंद नाहीतर चालू, मधलं काही नाही. चाचणीच्या टेबलावर पूर्ण ताकदीला इंजिन झकास चालत होतं. ट्रॅकवर मात्र ड्रायव्हरला अर्धा, पाव, पाऊण असा सगळा ॲक्सिलरेटर लागतो. डॉनोह्यूनं हा धागा सोडला नाही. अर्ध्या ॲक्सिलरेटरला पेट्रोल किती पाहिजे, कमी फेऱ्यांना किती पाहिजे, यावर पोर्शेच्या लोकांबरोबर पुन्हा पुन्हा काम करून घेतलं. आपण लॅबमध्ये फुल लोडचे रीडिंग घेऊन बाकीचे रीडिंग शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवतो, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

गाडी तयार झाली आणि १९७२ च्या जुलैत रोड अटलांटाला चाचणी घेताना गाडीचा मागचा पत्रा उडाला. मागचा पत्रा गेला म्हणजे जमिनीकडे दाबणारी हवा गेली, आणि हवा गेली म्हणजे मागची पकड गेली. गाडीचे तुकडे झाले, डॉनोह्यूच्या पायाला जबर दुखापत झाली. जी गाडी त्यानं महिनोन्‌महिने घडवली, ती जॉर्ज फॉलमरच्या हाती गेली आणि फॉलमरनं त्या वर्षीचं विजेतेपद मिळवलं. डॉनोह्यू मोसमाच्या शेवटी परतला, एडमंटनची शर्यत जिंकला, पण मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर. अशा वेळी माणूस खचतो. हा पुन्हा वाइसाखला गेला.

पुढच्या गाडीचं नाव ९१७/३०. तिच्या चाचणीसाठी पोर्शेनं अशी गाडी केली होती की जिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरच कमी-जास्त करता यायचं. म्हणजे सिम्युलेटरमध्येही ज्याचा आकडा सहसा बदलता येत नाही, ते यांनी खऱ्या लोखंडात बदलून पाहिलं! अंतर वाढवलं, गाडी सरळ रस्त्यावर जास्त स्थिर झाली. शर्यतीत सुमारे ११०० हॉर्सपॉवर, वजन मात्र आपल्या एखाद्या लहान मारुतीएवढं. टर्बोचा दाब कमी-जास्त करायचं बटण ड्रायव्हरच्या हाताशी. १९७३ च्या मोसमात एकूण ८ शर्यती झाल्या. पहिल्या दोन दुसऱ्यांनी नेल्या, उरलेल्या सहाच्या सहा डॉनोह्यूनं. पुढच्या वर्षी तेलटंचाईमुळे पेट्रोलच्या खपावर मर्यादा आली आणि या राक्षसी गाडीचे दिवस संपले. असेटो कोर्सा या सिम्युलेटरमध्ये ती गाडी चालवायला मिळते. ज्यांनी ती चालवली असेल त्यांना वळणातून बाहेर पडताना उजव्या पायाची काय परीक्षा होते ते ठाऊक आहे. आणि लक्षात घ्या, आपल्याला मिळते ती माणसाळलेली गाडी!

निकाल

आता मूळ भांडणाकडे येऊ. लोक तेव्हाही म्हणायचे, डॉनोह्यूकडे पेन्स्कीचा पैसा, पोर्शेची गाडी, त्यात तो काय मोठा ड्रायव्हर! याचं उत्तर १९७३-७४ च्या हिवाळ्यात मिळालं. आयरॉक नावाची नवीन स्पर्धा भरली. १२ नामवंत ड्रायव्हर, सगळ्यांना एकसारख्या पोर्शे गाड्या. स्वतःची टीम नाही, स्वतःचा सेटअप नाही. इंडीवाले, नॅस्कारवाले, फॉर्म्युला वनवाले सगळे त्यात. चार शर्यतींपैकी तीन डॉनोह्यूनं जिंकल्या आणि पहिला आयरॉक विजेता ठरला. वर्षानुवर्षं वर्तुळावर फिरून टायर कुठं सुटतो हे ज्याच्या अंगात मुरलं आहे, त्याला दुसऱ्याची गाडीसुद्धा बोलकी होते. माझ्या मते निकाल तिथं लागला. सेटअप करणारा माणूस गाडीचं ऐकायला शिकतो, आणि ऐकणं हीच तर अर्धी ड्रायव्हिंग.

या विजयानंतर तो निवृत्त झाला. वय ३६. वरच्या पायरीवर असताना थांबणं फार थोड्यांना जमतं. पण पेन्स्कीनं फॉर्म्युला वनमध्ये उतरायचं ठरवलं आणि १९७४ च्या शेवटी डॉनोह्यू पुन्हा हेल्मेट घालून बसला. तीन वर्षांपूर्वी, १९७१ मध्ये, त्यानं कॅनडाच्या ग्रां प्रीमध्ये पहिल्याच प्रयत्नात तिसरा क्रमांक मिळवला होता. या वेळी तसं झालं नाही. टीमनं स्वतः बनवलेली गाडी काही केल्या सुधारेना. फॉर्म्युला वनमध्ये दर पंधरा दिवसांनी नवा देश, नवा ट्रॅक, सरावाला मोजके तास. ज्याची ताकद शांतपणे, एकेक बदल करून मोजण्यात होती, त्याला मोजायलाच वेळ मिळेना, असं मला वाटतं. स्वीडनला पाचवा, मग मार्च कंपनीची गाडी घेतली, तीत इंग्लंडला पाचवा. एवढंच.

मध्येच एक झळाळीचा दिवस आला. ९ ऑगस्ट १९७५ रोजी टॅलाडेगाच्या ट्रॅकवर तीच जुनी ९१७/३० घेऊन त्यानं ताशी २२१.१२० मैल, म्हणजे जवळजवळ ३५६ किलोमीटर, असा बंदिस्त ट्रॅकवरचा विश्वविक्रम केला.

आठच दिवसांनी, १७ ऑगस्टला, ऑस्ट्रियाच्या ग्रां प्रीच्या सकाळच्या सरावात त्याच्या गाडीचा टायर फुटला. गाडी जाळ्या तोडून बाहेर गेली. एका मार्शलचा जीव गेला. डॉनोह्यू मात्र शुद्धीवर होता, बोलत होता. वरवर पाहता वाचला म्हणायचं. मग डोकं दुखायला लागलं, मेंदूत रक्तस्राव झाल्याचं निघालं, ग्राट्झच्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली. १९ ऑगस्ट १९७५ रोजी तो गेला. वय ३८.

जो माणूस आयुष्यभर प्रत्येक नट-बोल्ट तपासत आला, त्याला एका टायरनं दगा दिला. मोजून मोजून माणूस किती मोजणार? उत्तर माझ्याकडे नाही. पण म्हणून मोजणं सोडावं, असंही वाटत नाही. त्यानं मोजलं म्हणून तो इतकी वर्षं इतक्या वेगात सुखरूप होता, हेही तितकंच खरं.

त्याच्या मुलाचं नाव डेव्हिड. बाप गेला तेव्हा लहान होता. बापानं १९६९ मध्ये डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली होती. बरोबर ४० वर्षांनी, २००९ मध्ये, डेव्हिड डॉनोह्यूच्या टीमनं तीच शर्यत जिंकली. चोवीस तास धावून दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीपेक्षा अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी फरकानं!

आपल्यासाठी काय?

मित्रांनो, यवतमाळात रेसिंग ट्रॅक नाही. पिथमपूरला बाहाच्या स्पर्धेला जाणाऱ्या गाड्या वर्कशॉपच्या मागच्या मैदानावरच पळतात. पण वर्तुळ आखायला चुन्याची फक्की आणि दोरी पुरते. मी सिम्युलेटरसाठी एक दोनशे पानी वही केली आहे. चार रकाने : काय बदललं, किती बदललं, दहा फेऱ्यांची सरासरी, आणि गाडी कशी वाटली. मे महिन्यात खोलीत पंखासुद्धा गरम हवा फेकतो, मध्येच लाईट जाते, रूममेट म्हणतो काऊन एवढं डोकं लावून राहिला बे. पण त्या वहीमुळे दुसऱ्याचा सेटअप डाउनलोड न करता माझ्या गाडीला काय पाहिजे ते मला सांगता येतं. इंटरनेटवरून आयता उतरवलेला सेटअप म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा चष्मा. दिसेलही कदाचित, पण डोकं दुखेल.

आणि ही गोष्ट गाडीपुरती नाही. माझे बाबा कपाशीचं नवीन वाण सगळ्या वावरात एकदम पेरत नाहीत. आधी धुऱ्याजवळच्या चार तासांत लावून बघतात. खत तेच, पाणी तेच, फक्त बियाणं वेगळं. त्यांनी डॉनोह्यूचं नाव ऐकलेलं नाही, पण पद्धत तीच आहे. आणि पद्धत मोडली तर किंमत काय पडते हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. २०१७ च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन इथले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अनेक औषधं एकत्र मिसळून फवारणं हे तेव्हा चर्चेत आलेल्या कारणांपैकी एक होतं. एका वेळी एकच बदल, हा नियम आम्हा पोरांना खेळात शिकायला मिळतो, हे आमचं नशीब.

शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. डॉनोह्यू अपघातानंतर बोलत होता. आपल्यापैकी कितीतरी जण आर्णी रोडवर, दारव्हा रोडवर हेल्मेटशिवाय गाडी हाणतात. पडले तर कपडे झटकतात, चहा पितात आणि खोलीत येऊन झोपतात. डोक्याला मार लागला असेल, नंतर डोकं दुखत असेल, उलटी होत असेल, झापड येत असेल, तर सकाळची वाट बघू नका. ताबडतोब मेडिकलला न्या. रेक्टर सर रागावतील म्हणून लपवू नका. सर रागावतील, पण गाडीची चावी तेच काढून देतील.

सिम्युलेटरमध्ये अपघात झाला की एक बटण दाबून पुन्हा पिटमध्ये येता येतं. म्हणून तर तिथं बिनधास्त प्रयोग करा, हव्या तितक्या वेळा गाडी ठोका, वही भरून काढा. ज्याच्याकडे ते बटण नव्हतं, त्या माणसानं हे शास्त्र आपल्यासाठी मोजून ठेवलं आहे.

– एक होस्टेलवासी, तृतीय वर्ष (यंत्र अभियांत्रिकी)